पिठाचा बैल, तिळाचा डोळा आणि साखरेचा हिशेब

दिवाळीच्या सुट्या लागल्या की घरात दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. स्वयंपाकघरात फराळाची गडबड आणि त्या गडबडीत 'आता काय करू?' म्हणत फिरणारी मुले. यवतमाळ जिल्ह्यात तर हेच दिवस कापूस वेचणीचे आणि सोयाबीन विकण्याचे. मोठ्यांना सवड नसते, मग मुलांच्या हाती मोबाइल आणि बिस्किटाचा पुडा येतो. या दोन्हींना एक जुना पर्याय आहे: मुलांना पिठात हात घालू द्यायचा. वणी असो की उमरखेड, पुसद असो की पांढरकवडा, ज्वारीचे पीठ, तूप, गूळ आणि तीळ घरात सापडतातच. एवढ्यात मुलांच्या हाताने बैल, पणत्या, चांदण्या आणि कपाशीची बोंडे घडू शकतात, आणि ती भाजली की त्यांची बिस्किटे होतात.

पण 'घरचे आहे म्हणजे पौष्टिक आहे' असे समजून मुलांसमोर डबा उघडा ठेवण्याआधी थोडा हिशेब करायला हवा. या खेळातून मुले शिकतात ते खरेच, मात्र त्यांच्या खाण्यावर होणारा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो.

स्वतः केलेले जास्त खाल्ले जाते

स्वित्झर्लंडमध्ये सहा ते दहा वर्षे वयाच्या ४७ मुलांवर झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांनी आई किंवा वडिलांसोबत जेवण तयार केले. इतरांना तेच जेवण आयते मिळाले. स्वयंपाकात हातभार लावलेल्या मुलांनी सॅलड सुमारे तीन चतुर्थांशाने जास्त खाल्ले. ज्या भाज्यांकडे मुले बघतही नाहीत, त्या त्यांनी स्वतः चिरल्या-कालवल्या की ताटात उरत नाहीत, हा अनेक घरांतला अनुभव आकड्यांत दिसला.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली आणि तिची चर्चा कमी होते. त्या मुलांच्या पोटात एकूण उष्मांकही सुमारे एक चतुर्थांशाने जास्त गेले. म्हणजे स्वतः केल्याने फक्त भाजीच नव्हे, सगळेच जास्त गोड लागले. आपण मेहनत घेतलेल्या वस्तूचे मोल आपल्याला जास्त वाटते, या प्रवृत्तीला मानसशास्त्रात 'आयकिया परिणाम' म्हणतात. घरी आणून स्वतः जोडावे लागणारे फर्निचर विकणाऱ्या कंपनीच्या नावावरून ते पडले आहे. पिठाचा वाकडातिकडा बैल हलवायाच्या मिठाईपेक्षा मुलाला प्रिय असतो, त्याचे कारणही हेच.

भाजीच्या बाबतीत ही प्रवृत्ती फायद्याची आहे. बिस्किटांच्या बाबतीत मात्र ती दुधारी ठरते. मुले आपण केलेली बिस्किटे जास्त खाणार हे धरून चालायचे असेल, तर पिठात काय आणि किती पडते हेच महत्त्वाचे ठरते.

वाटीतला हिशेब

घरगुती नानकटाईचे नेहमीचे प्रमाण पाहू. २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम तूप, १०० ग्रॅम पिठीसाखर. एकूण ४०० ग्रॅम. त्यातला चौथा भाग साखर आणि चौथा भाग तूप. आता बाजारातल्या साध्या ग्लुकोज बिस्किटाच्या पुड्यावर मागच्या बाजूचा तक्ता वाचावा. अनेक पुड्यांवर १०० ग्रॅममागे साधारण २५ ग्रॅम साखर लिहिलेली आढळते. म्हणजे साखरेच्या बाबतीत घरची नानकटाई आणि विकतचे बिस्किट जवळजवळ सारखेच आहे, आणि तूप घरच्यातच जास्त आहे.

प्रमाण थोडे बदलता येते. १५० ग्रॅम ज्वारीचे पीठ, ५० ग्रॅम कणीक, ८० ग्रॅम तूप, ७० ग्रॅम बारीक किसलेला गूळ, ३० ग्रॅम भाजलेले तीळ, चिमूटभर मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, थोडी वेलची आणि भिजवायला तीन-चार चमचे दूध. याची साधारण ३० बिस्किटे होतात. प्रत्येकात गूळ सव्वादोन ग्रॅमच्या आसपास येतो. नेहमीच्या नानकटाईच्या तेवढ्याच आकाराच्या तुकड्यात साखर सव्वातीन ग्रॅम असते.

गूळ घातला म्हणून तो साखरेच्या हिशेबातून सुटत नाही. त्यात खनिजे थोडी जास्त असली तरी त्याचा बहुतांश भाग साखरच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० किलोकॅलरी लागतात असे धरले, तर ५ टक्के म्हणजे सुमारे २१ ग्रॅम साखर. अशी तीन बिस्किटे खाल्ली तर सात ग्रॅम तिथेच संपले. उरलेल्या दिवसात चहा आहे, करंजी आहे, अनारसा आहे.

उष्मांकांत तर फारसा फरक पडतच नाही. बदललेल्या प्रमाणातले एक बिस्किट सुमारे ६० किलोकॅलरीचे असते, नेहमीची नानकटाई सुमारे ६५ ची. त्यामुळे एका वेळी दोन किंवा तीन ही मर्यादा दोन्हींना लागू आहे.

मग ज्वारीच का?

कारण तुलना मैद्याशी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि जवळपास ४ मिलिग्रॅम लोह असते. मैद्यात तंतुमय पदार्थ पावणेतीन ग्रॅम आणि लोह पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास. कोंड्यासह दळलेली गव्हाची कणीक मात्र या दोन्हींत ज्वारीच्या बरोबरीची आहे. तेव्हा ज्वारी नसेल तर कणकेचीही बिस्किटे करावीत. टाळायचा तो मैदा. तिळामुळे कॅल्शियमची भर पडते. सालासकट १०० ग्रॅम तिळात ते १००० मिलिग्रॅमहून जास्त असते.

लोहाचा मुद्दा महाराष्ट्रासाठी किरकोळ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या सर्वेक्षणात हेच प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होते. अशा वेळी मुलांच्या तोंडी जाणारा प्रत्येक घास मैद्याचा आहे की ज्वारीचा, याला अर्थ आहे.

तरीही बिस्किटांनी रक्तक्षय जाणार नाही. वरच्या प्रमाणातल्या तीन बिस्किटांतून मिळणारे लोह सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलासाठी शिफारस आहे दिवसाला १५ मिलिग्रॅमची. शिवाय धान्यातले सगळे लोह अंगी लागत नाही, कारण त्यातील फायटेट ते धरून ठेवते. ज्याच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाची औषधे, जंतनाशक गोळी आणि रोजचे पुरेसे जेवण हवे.

एक गोष्ट मात्र घरीच बदलता येते. विदर्भात सकाळी अनेक मुलांचा नाश्ता म्हणजे चहा आणि त्यात बुडवलेले बिस्किट किंवा टोस. चहातील टॅनिनसारखे घटक धान्यातल्या लोहाला बांधून ठेवतात आणि ते शरीरात शोषले जात नाही. ज्वारी-तिळाचे बिस्किट चहात बुडवून खाल्ले तर जे थोडे लोह मिळायचे तेही बरेचसे वाया जाते. त्याऐवजी सोबत संत्र्याच्या फोडी किंवा आवळा दिला तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. दिवाळीच्या सुमारास विदर्भात आंबिया बहराची संत्री बाजारात आलेलीच असतात.

बैलाचा पाय का मोडतो?

ज्वारीचे पीठ लाटून त्याचा बैल कापला की त्याचा पाय हमखास मोडतो. मुले रडकुंडीला येतात, पण विज्ञान शिकवायला याहून चांगली वेळ नाही.

गव्हाच्या पिठात पाणी पडले की त्यातली प्रथिने एकमेकांना जोडून ग्लुटेन नावाची लवचिक जाळी तयार करतात. म्हणून पोळी ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ही जाळी तयार होत नाही. भाकरीसाठी पीठ गरम पाण्यात मळतात त्याचे कारण हेच: उष्णतेने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि ग्लुटेनचे काम थोडेफार करतो. बिस्किटाच्या पिठात चार भागांत एक भाग कणीक असते ती या बैलाच्या पायासाठी.

हे डोळ्यांनी दाखवता येते. कणकेचा आणि ज्वारीच्या पिठाचा लिंबाएवढा एकेक गोळा पाण्याने मळून अर्धा तास ठेवावा. मग दोन्ही गोळे वाटीभर पाण्यात हलक्या हाताने दाबत धुवावेत. ज्वारीचा गोळा विरघळून पाणी गढूळ होईल आणि हातात काहीच उरणार नाही. कणकेच्या गोळ्यातून स्टार्च निघून गेल्यावर हातात रबरासारखा चिवट तुकडा राहील. तेच ग्लुटेन.

मग नानकटाईत तूप इतके का? पिठाच्या कणांवर तुपाचा थर बसला की पाणी आतपर्यंत पोहोचत नाही आणि ग्लुटेनची जाळी पुरी होत नाही. त्यामुळे बिस्किट चिवट न होता खुसखुशीत होते. चकली-शंकरपाळ्यांत गरम मोहन घालतात, तेही याचसाठी. ज्वारीत मुळात ग्लुटेनच नसल्याने तूप थोडे कमी केले तरी बिस्किट खुसखुशीत राहते. बदललेल्या प्रमाणात तूप कमी चालते ते यामुळे.

सोड्याचा खेळ वेगळा. तापल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि बिस्किटाला बारीक छिद्रे पडतात. पिठात हळद घालून पिवळी चांदणी करायची असेल तर सोडा जपून घालावा. हळद सोड्याच्या संपर्कात लालसर होते. मुलांना आधी वाटीत हळदीच्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकून हा बदल दाखवावा आणि मग त्यात लिंबू पिळून रंग पुन्हा पिवळा करून दाखवावा. आम्ल आणि अल्कली यांचा धडा शाळेत येईल तेव्हा तो ओळखीचा वाटेल.

भाजताना येणारा तांबूस रंग आणि खमंग वास हा प्रथिने आणि साखर यांच्यातील रासायनिक क्रियेचा परिणाम आहे. तिला मेलार्ड क्रिया म्हणतात. भाकरीवरचे काळपट-तांबूस डाग हे तिचेच काम. गुळाची बिस्किटे साखरेच्या बिस्किटांपेक्षा लवकर तांबूस होतात, म्हणून आच मंद हवी.

भट्टी नसली तरी

गावातल्या बेकरीच्या भट्टीवर पीठ, तूप, साखर नेऊन नानकटाई भाजून आणण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती, काही ठिकाणी ती अजून आहे. ओव्हन किंवा भट्टी नसेल तर जाड बुडाची साधी कढई पुरते. कढईत बोटभर जाडीचा मिठाचा थर पसरावा, त्यावर छोटी रिंग किंवा वाटी उलटी ठेवावी, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापू द्यावे. मग तूप लावलेल्या ताटलीत बिस्किटे मांडून ती आत ठेवावी आणि मंद आचेवर २० ते २५ मिनिटे भाजावी. नॉनस्टिक कढई यासाठी वापरू नये. बिस्किटे गरम असताना मऊ लागतात. तूप आणि गूळ गार होऊन घट्ट झाले की ती कडक होतात, म्हणून मऊ आहेत असे वाटून पुन्हा भाजायला ठेवण्याची घाई करू नये.

पीठ अर्धा सेंटिमीटर जाड लाटावे. साचा नसेल तर वाटी, बाटलीचे धुतलेले झाकण आणि सुरी एवढ्यावर भागते. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन घरोघरी बोजारा मागणाऱ्या मुलांना बैलाचा आकार शिकवावा लागत नाही. टिपेश्वरचा वाघ ऐकून माहीत असलेली मुले पंजाचा ठसा करतात. डोळ्याला तीळ, बोंडातल्या कापसाला खोबऱ्याचा कीस. बाजारात सुटे मिळणारे, नाव-पत्ता नसलेले खाण्याचे रंग मात्र वापरू नयेत.

काम वयाप्रमाणे वाटावे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी तीळ लावावेत, गोळे वळावेत. सहा ते आठ वर्षांच्यांनी मोजून घालावे आणि लाटावे. त्याहून मोठ्यांनी प्रमाण दुप्पट-निमपट करून लिहावे. मुलगा आणि मुलगी दोघांनीही. शेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला आणि त्यातून 'नई तालीम' उभी राहिली. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही शेती आणि स्वयंपाक हे शिकण्याचे भाग आहेत. अर्धा, पाव आणि पाऊण यांतला फरक वाटी हातात घेतल्यावर फळ्यापेक्षा लवकर कळतो.

हे आधी पाहा

कच्चे पीठ चाटू देऊ नये. दळलेले पीठ स्वच्छ दिसले तरी ते शिजवलेले नसते, त्यात जंतू असू शकतात. हात साबणाने आधीही धुवायचे आणि नंतरही.

चार-पाच वर्षांखालील मुलांच्या बिस्किटात अख्खे शेंगदाणे, काजू किंवा बदाम घालू नयेत. ते श्वासनलिकेत अडकू शकतात. हवे तर कूट घालावे. शेंगदाणे, तीळ, दूध किंवा गहू यांची ज्याला ॲलर्जी आहे त्याच्यासाठी तो पदार्थ वगळावा.

तापलेली कढई, ताटली आणि शेगडी मोठ्यांकडेच. हात भाजलाच तर लगेच नळाच्या साध्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा तूप लावू नये. फोड मोठा असेल किंवा चेहरा, सांधा भाजला असेल तर दवाखाना गाठावा.

आणि एक खबरदारी शेतकरी कुटुंबांसाठी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत अनेक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या आठवणीने शेतातली काळजी वाढली. घरातलीही तेवढीच वाढायला हवी. दिवाळीपर्यंत फवारणीची उरलेली औषधे अनेक घरांत कोपऱ्यात, फळीवर पडून असतात. काही भुकटीच्या रूपात असतात आणि त्या पीठ, सोडा किंवा पिठीसाखरेसारख्या दिसू शकतात. मुलांना 'तो डबा आण' असे सांगण्याआधी ही औषधे स्वयंपाकघराबाहेर, कुलूपबंद जागी ठेवावीत. औषधाच्या रिकाम्या डब्यात पीठ किंवा तेल कधीच भरू नये आणि औषध मोजायचे माप धुऊनही स्वयंपाकात वापरू नये. मुलाच्या पोटात असे काही गेल्याची शंका आली तर मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. औषधाचा डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठावे, त्यासाठी १०८ वर रुग्णवाहिका मागवावी.

डब्यावरची चिठ्ठी

ज्वारीचे पीठ जुने झाले की कडसर होते, म्हणून ते ताजे दळलेले घ्यावे. बिस्किटे पूर्ण गार झाल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत आणि आठ-दहा दिवसांत संपवावीत.

डबा भरल्यावर शेवटचे काम पुन्हा मुलांचे. विकतच्या पुड्यावर असते तशी चिठ्ठी त्यांनी आपल्या डब्यासाठी लिहावी. पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. त्याच क्रमाने: ज्वारीचे पीठ, तूप, गूळ, कणीक, तीळ, दूध. खाली केल्याची तारीख, एका बिस्किटात गूळ किती आणि एकाने दिवसाला किती खायची. मग ती चिठ्ठी आणि दुकानातून आणलेला एखादा पुडा शेजारी ठेवावा. पुड्यावर पहिले नाव कोणाचे आहे, साखर कितवी आहे, १०० ग्रॅममागे किती आहे, हे मुलांनीच वाचावे. एक चहाचा चमचा साखर म्हणजे साधारण पाच ग्रॅम, एवढे सांगितले की पुढचा हिशेब तिसरी-चौथीतली मुले स्वतःच करतात.